धर्मयुद्धांची खतावणी



आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत रोज सायंकाळी सात ते दहा वीस-पंचवीस मुले-मुली बसतात. कचेरीतून सुटलो की घरी चहा घेऊन आम्ही तिकडे जातो. गेल्या महिन्यात तिथे एक प्रकार घडला, म्हणून यावेळचे सदर या विषयावर आहे. एरवी युरोप आणि जेरुसलेमकडच्या आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या लढायांवर आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या कारकुनाने लेखणी चालवावी असे काही कारण नव्हते.

प्रकार असा. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी इतिहासाचा प्रश्न पाठ करीत होती: ‘धर्मयुद्धांचे परिणाम स्पष्ट करा.’ शेजारी बसलेला दहावीतला मुलगा हुशार आहे, पण मोबाईलवर जे दिसेल ते खरे मानतो. तो म्हणाला, “ताई, एवढं पाठ काय करतेस? ख्रिश्चन आणि मुसलमान यांचं हजार वर्षांचं भांडण आहे, ते मिटायचं नाही. मी व्हिडिओ बघितलाय. हे लोक कुणाबरोबर राहूच शकत नाहीत.” पलीकडच्या बाकावर मागच्या चाळीतला अकरावी सायन्सचा मुसलमान मुलगा बसला होता. त्याने पुस्तक मिटले, चपला घातल्या आणि तो निघून गेला. तीन दिवस आला नाही.

चौथ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील रिक्षा चालवतात. ते म्हणाले, “भाऊ, पोरगा म्हणतो घरीच अभ्यास करतो.” दहा बाय बाराची खोली, पाच माणसे, कोपऱ्यात टीव्ही चालू. अभ्यास कसा होत असेल ते दिसतच होते. आम्ही निघालो तसा तो जिन्यापर्यंत सोडायला आला आणि त्याने विचारले, “काका, तो म्हणाला ते खरं आहे का?”

आम्हाला उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. शाळेत असताना धर्मयुद्धांवर अर्धे पान होते, तेही आम्ही ऑप्शनला टाकले होते. मग ग्रंथालयातून पुस्तके आणली आणि पंधरा-वीस रात्री वाचत बसलो. राजांची नावे आमच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून जन्माची सवय कामी आणली. पैसा कुठून आला, कुठे गेला आणि शेवटी कुणाच्या नावे पडला, एवढेच वहीत उतरवत गेलो. तीच ही खतावणी.

सुरुवात इ.स. १०९५ ची. पूर्वेकडे कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, येथे ग्रीक ख्रिस्ती सम्राट राज्य करीत होता. सेल्जुक तुर्कांनी १०७१ साली मांझिकर्टच्या लढाईत त्याच्या पूर्वीच्या सम्राटाचा पराभव केला होता आणि आशिया मायनरचा मोठा मुलूख हातचा गेला होता. त्याने पश्चिमेकडे पोपला निरोप पाठवला की, आम्हाला लढवय्ये द्या. त्याला भाडोत्री शिपाई हवे होते. पोप दुसरा अर्बन याने २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी जे आवाहन केले, त्यातून मात्र लाखभर माणसांचा लोंढा उठला, असे जुने बखरकार सांगतात. आकडा फुगवलेला असेल, पण माणसे हजारांनी निघाली याबद्दल वाद नाही.

पोपने देऊ केलेला मोबदला कारकुनाच्या नजरेला मोठा विचारात पाडणारा होता. जो निव्वळ भक्तीपोटी जेरुसलेमला जाईल, त्याला पापांसाठी करावे लागणारे सर्व प्रायश्चित्त माफ. पुढे ११४५ मध्ये दुसऱ्या एका पोपने यात आणखी भर घातली. जो जाईल त्याच्या कर्जावरील व्याज बंद, आणि त्याची मालमत्ता चर्चच्या संरक्षणाखाली. खर्चाची बाजू मात्र ज्याची त्याने पाहायची होती. अंगावर कापडाचा क्रूस शिवायचा आणि निघायचे. त्या क्रुसावरून पुढे इंग्रजीत ‘क्रूसेड’ हा शब्द आला. जाणारे लोक स्वतः मात्र याला ‘यात्रा’ म्हणत.

यात्रेला पैसा लागतो. इंग्लंडच्या राजाचा थोरला भाऊ रॉबर्ट याने १०९६ मध्ये आपला अख्खा नॉर्मंडी प्रांत धाकट्या भावाकडे १०,००० मार्कांना गहाण टाकला. हे मार्क परीक्षेचे नव्हेत, मार्क म्हणजे चांदीच्या वजनाचे माप. धाकट्या भावाच्या खजिन्यात एवढी चांदी कुठली? त्याने इंग्लंडभर कर बसवला. बिशप आणि मठाधिपती यांनी देवळातील सोन्यारुप्याचे दागिने मोडले, सरदारांनी आपल्या कुळांकडून वसुली केली. म्हणजे रॉबर्ट पुण्य कमवायला गेला आणि त्याचे बिल इंग्लंडमधल्या अशा शेतकऱ्याने भरले, ज्याने जेरुसलेम हे नाव फक्त रविवारी प्रार्थनेत ऐकले होते. आम्ही वहीत पहिली नोंद केली ती हीच.

दुसरी नोंद त्याहून काळी आहे. मुसलमानांशी लढायला निघालेल्या या फौजांनी एकही मुसलमान पाहण्याआधी १०९६ च्या मे महिन्यात जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यूंची कत्तल केली. स्पायरला बिशपने मध्ये पडून बहुतेकांना वाचवले. वर्म्सला आणि माइन्झला बिशपच्या वाड्यात आसरा घेतलेल्यांनाही वाचवता आले नाही. एकट्या माइन्झमध्ये हजाराच्या आसपास माणसे गेली. बाप्तिस्मा घ्या नाहीतर मरा, असा पर्याय होता, आणि अनेक आईबापांनी स्वतःच्या मुलांना स्वतःच्या हाताने संपवले. हे सर्व त्यांच्या हिब्रू बखरींत लिहिलेले आहे. या कत्तलीनंतर रचली गेलेली एक प्रार्थना युरोपातून पांगलेल्या ज्यूंच्या सभास्थानांत आजही म्हटली जाते. नऊशे वर्षांहून अधिक काळ! परिणाम, परिणाम म्हणतात तो असा असतो. पण आमच्या त्या मुलीच्या गाईडमध्ये याची एक ओळ नाही.

पीटर नावाच्या साधूच्या मागे निघालेले गोरगरीब, ज्यांच्याजवळ घोडे नव्हते की चिलखते, ते १०९६ च्या ऑक्टोबरात आशिया मायनरमध्ये तुर्कांकडून कापले गेले. सरदारांच्या फौजा पुढे सरकल्या. १०९८ मध्ये अँटिऑक पडले. त्याच वर्षाअखेर मअर्रा या सीरियातील गावी उपासमार इतकी झाली की काही सैनिकांनी मेलेल्यांचे मांस खाल्ले. ही गोष्ट त्यांच्याच बाजूच्या बखरकारांनी लिहून ठेवली आहे. आणि १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडले. ज्या तुर्कांच्या नावाने एवढा गदारोळ केला, ते तुर्क तेव्हा शहरात नव्हतेच. वर्षभरापूर्वी इजिप्तच्या फातिमी राज्यकर्त्यांनी शहर त्यांच्याकडून घेतले होते. पण विचारतो कोण? मुसलमान आणि ज्यू, दोघांचीही सरसकट कत्तल झाली. एका नंतरच्या अरबी इतिहासकाराने अक्सा मशिदीत ७०,००० मेले असे लिहिले. त्या काळात त्याच प्रदेशात राहिलेल्या दुसऱ्याने ३,००० लिहिले. आजचे अभ्यासक लहान आकड्याच्या बाजूचे आहेत. आकडा खाली आला म्हणून आम्हाला काही हायसे वाटले नाही.

आता वाचकहो, इथपर्यंत वाचल्यावर आम्हालाही वाटू लागले होते की तो दहावीतला मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. तेवढ्यात आमच्या हाती एका कारकुनाचे लिखाण लागले.

त्याचे नाव इब्न जुबैर. स्पेनमधील ग्रानाडा येथील मुसलमान सुभेदाराचा हा चिटणीस. मक्केची यात्रा करून परतताना ११८४ साली तो दमास्कसहून अक्का बंदराकडे आला. अक्का तेव्हा ख्रिस्ती फ्रँक लोकांच्या ताब्यात होते. त्याच दिवसांत सुलतान सलाहुद्दीन फ्रँकांच्या कराक किल्ल्याला वेढा घालून बसला होता. आणि इब्न जुबैरने काय पाहिले? दोन्ही बाजूंचे सैनिक लढत आहेत आणि दोन्ही बाजूंचे व्यापारी एकमेकांच्या मुलुखातून काफिले घेऊन बिनघोर जात-येत आहेत. मुसलमान व्यापारी ख्रिस्ती हद्दीत जकात भरतो, ख्रिस्ती व्यापारी मुसलमान हद्दीत. अक्क्याच्या जकात नाक्यावर ख्रिस्ती कारकून बसलेले, समोर सोन्याची नक्षी असलेल्या आबनुसी दौती, आणि ते लिहीत होते अरबीत, बोलतही होते अरबीत! आमच्या कचेरीत अजून बॉलपेनसाठी मागणीपत्र भरावे लागते, म्हणून त्या दौती जरा जास्तच लक्षात राहिल्या. असो.

त्याने शेतकऱ्यांचीही चौकशी केली. फ्रँकांच्या राज्यात मुसलमान कुळे निम्मे पीक देत आणि डोईपट्टी एक दिनार पाच किरात. घरदार त्यांचेच राहू दिलेले. हे पाहून तो दुःखाने लिहितो की, शेजारच्या मुलुखात स्वधर्माचा जमीनदार यांच्या भाऊबंदांना यापेक्षा अधिक पिळतो. हा माणूस फ्रँकांचा चाहता नव्हे. त्यांचा उल्लेख आला की तो शिव्याशाप देतो. बेड्या घातलेले मुसलमान कैदी राबताना पाहून त्याचे काळीज फाटले, तेही त्याने लिहिले. पण जे दिसले ते लपवले नाही. चिटणीस असावा तर असा.

यानंतर तीनच वर्षांनी, ४ जुलै ११८७ रोजी, हित्तीनच्या लढाईत सलाहुद्दीनने फ्रँकांची फौज बुडवली आणि २ ऑक्टोबरला जेरुसलेम घेतले. १०९९ सारखी कत्तल त्याने केली नाही, म्हणून त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण आम्ही वही उघडून बसलो होतो. शहरातील ख्रिस्ती लोकांना सुटकेसाठी दर ठरला होता: पुरुषाला १० दिनार, बाईला ५, मुलांना त्याहून कमी. मुदत चाळीस दिवस. ज्यांच्याकडे काहीच नव्हते अशा सात हजारांसाठी ३०,००० ची एकरकमी तडजोड झाली. तरीही सलाहुद्दीनचा स्वतःचा चिटणीस इमादुद्दीन नोंदवतो की, सुमारे १५,००० माणसे पैसे नाहीत म्हणून गुलामगिरीत गेली, त्यात बायका-मुले पुरुषांहून जास्त. वसुली करणाऱ्या नोकरांनी लाच खाल्ली, सरकारी पैसा वाटेत मुरला, अशीही त्याची तक्रार आहे. (हा विभाग कुठल्याही राज्यात सारखाच.)

आणि त्याच वेळी त्या शहराचा सर्वांत मोठा ख्रिस्ती धर्मगुरू आपले दहा दिनार मोजून, चर्चचा खजिना बरोबर घेऊन वेशीबाहेर पडला. त्याच्यामागे त्याच्याच धर्माची, रोज त्याच्यासमोर गुडघे टेकणारी माणसे गुलाम म्हणून मोजली जात होती. सलाहुद्दीनच्या भावाने हजार गुलाम स्वतःसाठी बक्षीस मागून घेतले आणि तिथेच मोकळे केले. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो. इथे ‘ख्रिस्ती’ आणि ‘मुसलमान’ असे दोन रकाने पाडले तर हिशेब जुळतच नाही. आम्ही ‘ज्याच्याजवळ होते’ आणि ‘ज्याच्याजवळ नव्हते’ असे दोन रकाने पाडले, तेव्हा कुठे बेरीज लागली.

जेरुसलेम गेल्याची बातमी युरोपात पोचली आणि ११८८ मध्ये इंग्लंड व फ्रान्सच्या राजांनी ‘सलाहुद्दीन दशांश’ नावाचा कर बसवला. उत्पन्न आणि जंगम मालमत्ता यांवर दहा टक्के. जो स्वतः लढाईला जाईल त्याला माफ. साहजिकच राहिला कोण, तर ज्याला जाता येत नव्हते तो. आपल्या पगारातून दर महिन्याला जो आयकर कापला जातो, त्याच्या पूर्वजांत हा एक कर मोजतात.

याच लढाईच्या तयारीत इंग्लंडमध्ये यॉर्क येथे जे घडले ते वाचून आम्ही त्या रात्री पुढे वाचू शकलो नाही. ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन धरता येत नसे, कारागिरांच्या संघात प्रवेश नसे. उरला धंदा व्याजबट्ट्याचा, आणि मग सावकार म्हणून शिव्या खायच्या. आमच्या वाचकांना यावर वेगळे भाष्य नको. १६ मार्च ११९० रोजी यॉर्कच्या किल्ल्यात कोंडलेल्या दीडशेच्या आसपास ज्यूंचा अंत झाला. काहींनी स्वतःला संपवले, काही बाहेर येताच मारले गेले. त्यानंतर जमावाचे पुढारी मोठ्या चर्चमध्ये गेले, तिथे सुरक्षित ठेवलेले कर्जरोखे बाहेर काढले आणि तिथेच जाळले. पुढारी कोण होते? त्या कर्जाचे ऋणको. सरकारला मग जाग आली, ती मेलेल्यांसाठी नव्हे. ज्यू सावकार मेला की त्याची येणी राजाची होत, आणि रोखेच जळाले तर वसूल काय करणार? म्हणून ११९४ मध्ये नियम झाला की प्रत्येक रोख्याची प्रत सरकारी पेटीत ठेवावी. दुबार प्रत ठेवण्याची पद्धत आम्ही तीस वर्षे पाळतो आहोत. तिच्या मुळाशी असेही काही असेल असे कधी मनात आले नव्हते. शंभर वर्षांनी, १२९० मध्ये, इंग्लंडने सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर काढले. त्याआधी १२१५ मध्ये रोमच्या धर्मसभेने ज्यू आणि मुसलमान यांनी ओळखू येईल असा वेगळा पोशाख घालावा असा ठराव केला होता. लांबूनच माणूस कोणता ते कळावे म्हणून खूण बाळगायला लावणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी भोगले, त्यांना आम्ही काय सांगावे?

इंग्लंडच्या ज्या रिचर्डवर इतकी गाणी आणि सिनेमे निघाले, त्याने १९९१ नव्हे, ११९१ च्या ऑगस्टात अक्क्याबाहेर सुमारे २,७०० कैदी कापले. एवढे सांगून त्याला आम्ही रजा देतो.

चौथ्या धर्मयुद्धाचा हिशेब मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. असे व्यवहार आम्ही कचेरीत रोज पाहतो. १२०१ मध्ये धर्मयोद्ध्यांच्या वकिलांनी व्हेनिसच्या व्यापारी सरकारशी करार केला: ३३,५०० माणसे आणि ४,५०० घोडे जहाजांनी नेण्याचे ८५,००० मार्क. व्हेनिसने वर्षभर बाकीचा व्यापार बाजूला ठेवून जहाजे बांधली. प्रत्यक्षात माणसे आली जेमतेम एक तृतीयांश. सगळ्यांनी खिसे झाडले तरी ३४,००० मार्क कमी पडले. जहाजे तयार, येणे थकलेले. तेव्हा व्हेनिसने तोड सुचवली: आमच्या हातून गेलेले झारा शहर जिंकून द्या, मग पैशाला सवलत देऊ. झाराचे लोक रोमच्याच पंथाचे ख्रिस्ती. त्यांनी तटावरून क्रूस टांगले. १२०२ च्या नोव्हेंबरात शहर लुटले गेले. मग कॉन्स्टँटिनोपलच्या एका परागंदा राजपुत्राने दोन लाख मार्कांचे आमिष दाखवले, फौज तिकडे वळली. गादीवर बसल्यावर त्याला पैसे देता येईनात. शेवटी १३ एप्रिल १२०४ रोजी या क्रूसधाऱ्यांनी जगातील सर्वांत मोठे ख्रिस्ती शहर तीन दिवस लुटले. ज्या सम्राटाच्या मदतीसाठी हा सारा खटाटोप शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला, त्याचीच ही राजधानी! तिथून नेलेले चार ब्राँझचे घोडे आजही व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या संग्रहालयात आहेत. फौज जेरुसलेमला पोचलीच नाही.

ते ग्रीक राज्य १२६१ मध्ये परत उभे राहिले, पण पूर्वीचे बळ आले नाही, आणि १४५३ मध्ये तुर्कांनी ते संपवले. ग्रीक चर्च आणि रोमन चर्च यांच्यातील ही जखम इतकी खोल होती की, पोप जॉन पॉल दुसरे २००१ च्या मे महिन्यात अथेन्सला गेले तेव्हा त्यांना या लुटीबद्दल खेद व्यक्त करावा लागला. मधे किती वर्षे गेली ते वाचकांनीच मोजावे.

एक अपवाद सांगितला पाहिजे. १२२९ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल, म्हणजे सलाहुद्दीनचा पुतण्या, यांनी एकही लढाई न करता जेरुसलेमचा तह केला. शहर ख्रिस्ती लोकांना, मशिदींचे आवार मुसलमानांकडे, मुदत दहा वर्षे. दोघांचाही सत्कार व्हायला हवा होता ना? फ्रेडरिकला पोपने आधीच बहिष्कृत केले होते. आता ख्रिस्ती धर्मगुरूने जेरुसलेम शहरातच धर्मविधी बंद ठेवले. तिकडे दमास्कसच्या मशिदीत सुलतानाच्या नावाने शोक झाला. फ्रेडरिक परत निघाला तेव्हा अक्क्याच्या खाटीक गल्लीत लोकांनी त्याच्या अंगावर आतडी फेकली. समेट करणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे आमच्या वस्तीत पाण्याच्या नळावरचे भांडण ज्याने कधी सोडवले असेल त्याला समजेल.

१२९१ च्या मे महिन्यात अक्का पडले आणि फ्रँकांचे तिथले राज्य संपले.

आता गाईडमधला मुद्दा: ‘धर्मयुद्धांमुळे युरोपला अरबांचे ज्ञान मिळाले.’ हे आम्ही मुलीला खोडायला लावले. ज्ञान मुख्यतः स्पेनमधील तोलेदो आणि सिसिली या ठिकाणांहून गेले, जिथे अरबी जाणणारे ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान पंडित पुस्तके घेऊन बसले. आपण कचेरीत ज्या अंकपद्धतीने बेरीज करतो, ती युरोपला नीट समजावून देणारे पुस्तक इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये लिहिले. झारा लुटले गेले तेच वर्ष. त्यात त्याने या नऊ आकड्यांना भारतीयांचे आकडे म्हटले आहे. तो हे शिकला उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात. त्याचा बाप तिथे पिसाच्या व्यापाऱ्यांसाठी जकात कचेरीत नोकरीला होता. पुन्हा कारकूनच! आम्ही मुद्दाम शोधत नव्हतो, पण सापडत गेले.

या युद्धांची एक शाखा थेट आपल्या किनाऱ्याला लागली. टेम्पलर नावाचा लढाऊ साधूंचा पंथ होता. पुढे तो युरोपची पेढीच झाला. फ्रान्सच्या राजाने, जो त्यांचा देणेकरी होता, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्यांना एकाच दिवशी पकडले. १३१४ मध्ये त्यांच्या प्रमुखाला जाळले. कर्ज बुडवण्याचा हा आणखी एक प्रकार. पोर्तुगालच्या राजाने मात्र १३१९ मध्ये त्यांची मालमत्ता ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या नव्या पंथाकडे दिली. शंभर वर्षांनी त्या पंथाचा कारभार राजपुत्र हेन्रीकडे आला. त्याने तो पैसा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सफरींना लावला. त्याच पंथाचा लाल क्रूस शिडांवर घेऊन वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतले, तेव्हा शहरातील मुसलमानांना सापडतील तिथे मारले, असे त्याने स्वतः राजाला कळवले. नाईल नदीचा प्रवाह वळवून इजिप्तला उपाशी मारावे, अशी योजना त्याच्या डोक्यात होती. म्हणजे गोव्यात बसून तो जेरुसलेमचीच लढाई लढत होता. आपण पोर्तुगीजांना ‘फिरंगी’ म्हणतो, तो शब्दही तिकडचाच. अरबांनी या क्रूसधाऱ्यांना ‘ख्रिस्ती’ म्हटले नाही, ‘फ्रँक’ म्हटले. त्याचे अरबीत ‘फिरंज’, फारसीत ‘फरंग’ आणि मराठीत ‘फिरंगी’.

मग हजार वर्षांचे वैर? आमच्या वाचनात आले ते असे की मधली कित्येक शतके अरब मुलुखात या युद्धांची फारशी कुणी आठवण काढत नव्हते. त्यांना ‘क्रुसाची युद्धे’ हे नावसुद्धा अरबीत एकोणिसाव्या शतकात रुळले, तेही युरोपीय पुस्तकांवरून. १८९८ मध्ये जर्मनीचा कैसर दमास्कसला जाऊन सलाहुद्दीनच्या कबरीवर ब्राँझचे पुष्पचक्र वाहून आला. त्याला तुर्की सुलतानाची दोस्ती हवी होती. १९१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जेरुसलेम घेतले तेव्हा लंडनच्या एका साप्ताहिकाने रिचर्डचे स्वप्न पुरे झाले असे व्यंगचित्र छापले. सरकारने मात्र वर्तमानपत्रांना आधीच बजावले होते की हे धर्मयुद्ध आहे असे लिहू नका. कारण त्यांच्या फौजेत हिंदुस्थानी मुसलमान शिपाई होते. १९९८ मध्ये बिन लादेनच्या जाहीरनाम्यात ‘क्रूसेडर’ हा शब्द आला. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून ‘क्रूसेड’ निघाले आणि त्यांच्या कार्यालयाला सारवासारव करावी लागली. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ माणसे मारणारा स्वतःला टेम्पलर म्हणवीत होता. ज्याला जेव्हा गरज पडली, त्याने जुनी वही काढून आपल्या सोयीचे पान वाचून दाखवले.

हे सर्व आम्ही एका रविवारी अभ्यासिकेत सांगितले. त्या मुलाला आदल्या दिवशी घरी जाऊन घेऊन आलो होतो. दहावीतला मुलगा मान खाली घालून बसला होता. मध्येच म्हणाला, “काका, व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं.” त्याने माफी मागितली असे आम्ही लिहिणार नाही, कारण मागितली नाही. फक्त स्वतःच्या बाकावरची जागा सरकून मोकळी केली. पंख्याखालची जागा होती ती.

शेवटी आम्ही जेरुसलेमच्या त्या चर्चची गोष्ट सांगितली. येशूची कबर जिथे मानतात ते हे चर्च. ज्याच्यासाठी एवढे रक्त सांडले ते. आत सहा ख्रिस्ती पंथ, त्यांचे आपसांत जमत नाही. दाराची चावी शतकानुशतके दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. एक घराणे चावी सांभाळते, दुसऱ्याचा माणूस दार उघडतो, आणि ही व्यवस्था सलाहुद्दीनच्या वेळेपासूनची, असे ती घराणी सांगतात.

“रोज?” अकरावीतल्या मुलाने विचारले.

“रोज पहाटे.”

“सुट्टी नाही?” हे दहावीतला.

“सुट्टी नाही. एक आजारी पडला तर घरातला दुसरा जातो.”

त्यावर दोघांची जुंपली. चावी ज्याच्याकडे तो मोठा की दार उघडणारा मोठा? बी.ए.वाली मुलगी म्हणाली, “माझी परीक्षा मंगळवारी आहे, हळू बोला.” त्या रात्री अभ्यासिकेला कुलूप लावायला साडेदहा वाजले.